तीन दिवसांचं सुतक आणि आईची फुगडी

माझ्या माहेरच्या बायकांचा इतिहास कुणी लिहिला नाही, म्हणून मी तो नाचून दाखवायचं ठरवलं. कुवेतच्या आमच्या मराठी मंडळाचा वार्षिक कार्यक्रम आणि मी बसवलेला नाच. चार पिढ्या, सगळी फुगडी. पणजीची बसफुगडी, कारण उभं राहिलं तर ओसरीवरच्या पुरुषांना दिसलं असतं. आजीची एका हाताची, कारण दुसऱ्या हाताला कायम कडेवरचं पोर. आईची पदर खोचून गरगरा. तिला कुणाच्या बापाची भीती नव्हती. आईचं काम मी करणार होते आणि माझं माझी लेक.

इथल्या सलवा भागात राहणाऱ्या एका मैत्रिणीच्या इमारतीच्या तळघरात तालमी सुरू झाल्या आणि आई गेली. सुट्ट्यांचे दिवस, तिकीट मिळेना. नाशिकला पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. आल्यागेल्यांना चहा मीच केला. परतले आणि पुन्हा तालमीला उभी राहिले. रडू येईना. परक्यांच्या मयतीला हुंदके देऊन घरच्यांची पंचाईत करणारी बाई मी, आणि स्वतःच्या आईसाठी टिपूस नाही. एकच आशा होती, तिची फुगडी घालताना तरी काही फुटेल.

मंडळाच्या अध्यक्ष असलेल्या वहिनी हळूच म्हणाल्या, सुतकात स्टेजवर जाणं बरं दिसेल का. मी वाटच बघत होते. हातवारे करून सांगितलं, लग्न झालेल्या मुलीला आईबापाचं सुतक तीनच दिवस. माझं तर तिकीट मिळेपर्यंतच संपलं. वहिनींनी कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव तसंच ठेवलं.

तालमीहून परतताना गाडीत लेकीने विचारलं, "ओन्ली थ्री? मलाही तुझं तीनच?"

"लग्न केलंस तर."

"नाही केलं तर?"

"दहा."

तिने जरा हिशेब केला. "मग नकोच लग्न."

मी हसले. खरंच मजा वाटली. बाकी काही वाटलं नाही.

कार्यक्रमात मी आईसारखा पदर खोचला, आईसारखी मान मागे टाकली. घामाने लेकीचे हात निसटत होते, मी ते घट्ट धरले. ठरल्या तालावर सोडले आणि विंगेत आले. स्टेजवर ती एकटीच फिरत होती, हात पुढे करून. ते धरणारी पुढची पिढी नाचात अजून जन्मायची होती. आता तरी काही फुटेल म्हणून मी थांबले. टाळ्या पडल्या. पाठीला एसीचा गारवा लागत होता, तेवढं कळत होतं.

ती धापा टाकत आली. "रडू आलं?"

"नाही."

तिने मला खुर्चीत बसवलं आणि माझ्या अंबाड्यातल्या पिना काढायला घेतल्या. काढलेली पीन ती ओठांत धरत होती, त्यामुळे तिला पुढे काही बोलता येईना. एक पीन केसांत अडकली, तिने ती ओढली. दुखलं. तसं तिला सांगितलं, तर तिने नुसती मान हलवली आणि दुसरी शोधायला लागली.