शनिवारी ऑइल घेत नाहीत

आमचे हे, म्हणजे शालिग्राम, मंत्रालयात बाबू. नवीन राज्य होऊन आमचं रायपूर राजधानी झालं, हापिसातल्या साऱ्यांनी गाड्या घेतल्या, तशी यांनीही एक जुनी मारुती घेतली. मुख्य म्हणजे माझ्या आईसाठी घेतली, हे मी नाकारत नाही. आई तुमसरले, माझ्या भावाकडे राहते. गुडघे गेलेले, रेल्वेच्या पायऱ्या चढणं होत नाही. तिले गाडीनं कायमची इकडे आणायचं ठरलं होतं.

तेवढ्यात भावाचा, सुशीलचा, फोन आला. आई माणसं विसरून राहिली, म्हणे. काल सुनेले ओळखलं नाही. ताई, तुले ओळखते आहे तोवर घेऊन जा.

मी त्याच दिवशी पिशवी भरली. हे म्हणाले, सर्व्हिसिंग झाल्याशिवाय एवढ्या दूर गाडी काढायची नाही. ठीक आहे, करा ना मग! ऑइल बदलायले असा किती वेळ लागते?

या माणसाले लागते. साधं ऑइल घ्यावं की सिंथेटिक, यावर पंडरीतल्या दुकानदाराचं डोकं खाल्लं. तो म्हणे, जुन्या इंजिनले साधंच बरं. बीरगांवचा मिस्त्री म्हणे, भैया, थोडं जाड टाका. मग फिल्टर. तो असली आहे की नकली, हे ओळखायचं कसं? हे डबा उघडून वास घेत बसले. फिल्टरचा कसला आला वास, माझं कपाळ!

शेवटी ठरलं, तर शनिवार उगवला. शनिवारी तेल विकत घेत नाहीत, लोखंडही नाही. म्हणजे ऑइलही राहिलं अन् फिल्टरही. मी म्हटलं, हे काय डोक्याले लावायचं तेल आहे?

"विमला, तेल ते तेल," हे म्हणाले.

रविवारी दुकान बंद. सोमवारपासून साहेब उशिरापर्यंत सोडत नाहीत, राजधानी नवीन ना. की आलाच पुन्हा शनिवार. असे किती शनिवार गेले कोण जाणे. मी एकटी रेल्वेनं जाते म्हटलं, तर म्हणे, आईले काय खांद्यावर आणशील? ते खरंच होतं, म्हणून जास्तच राग आला. माझा जीव जळून राहिला होता अन् हे शांतपणे बॉनेट उघडून आत पाहत होते.

एकदाची गाडी निघाली. चालली मात्र मस्त, सांगावंच लागेल. इंजिनचा आवाज ऐकून हे रस्ताभर खूश. मी तोंड खिडकीकडे करून बसली होती.

आई अंगणात खाटेवर बसली होती, धुतलेलं लुगडं नेसून, मांडीवर गाठोडं घेऊन. पाहून मले इतकं बरं वाटलं. तिच्यापाशी बसली, हात धरला, म्हटलं, चाल आई, गाडी आणली. तिनं हात हळूच सोडवून घेतला.

"नाही बाई, मी कोणाच्याही गाडीत बसत नाही," ती म्हणाली. "माझी विमला येऊन राहिली मले न्यायले."