साहेब वाघ होता

सिंदेवाहीच्या शाळेत इंग्रजीचा मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. उपमा आणि रूपक यांबद्दल मला कुणी काही शिकवावं असं उरलेलं नाही, अशी माझी पक्की समजूत होती. वाक्यात 'लाइक' असेल तर उपमा, नसेल तर रूपक, संपला विषय. वर्गाकडून मी तेवढंच घोकून घेई.

मॅट्रिकचा फॉर्म भरण्याआधी आम्ही शाळेतच एक परीक्षा घ्यायचो. इंग्रजीत नापास झालेल्याचा फॉर्म जात नसे. त्या पेपरात मी 'आमचा साहेब वाघ होता' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य दिलं आणि लेखक असं का म्हणतो ते विचारलं. वर्गात एकच मुलगी होती, जंगलाकाठच्या गावातून येणारी. तिनं लिहिलं, लेखक साहेबाला भितो, म्हणून त्याचं नाव घेत नाही. मला 'लाइक' नाही म्हणून रूपक, एवढंच उत्तर हवं होतं; मी सरळ भोपळा दिला. तेवढ्यानं ती नापास झाली आणि शाळेत यायची थांबली.

रविवारी तिचे वडील दारात उभे. मार्क वाढवून मागायला आले असणार म्हणून मी आधीच कपाळाला आठ्या घातल्या. पण त्यांचं म्हणणं एवढंच, की पोरीला आपली चूक कळलेली नाही, तेवढी घरी येऊन सांगा. नाही कसं म्हणणार? निघालो.

वाट सागाच्या जंगलातून होती. इकडे वाघ आहेत का, असं मी सहज विचारलं. ते जागच्या जागी थांबले.

"इथी नाव नोका घेऊ, मास्तर. पाटील म्हना."

माझी चाल आपोआप वाढली. गाव दिसल्यावर धीर आला, तेव्हा चेष्टेनं विचारलं, मग गावच्या खऱ्या पाटलाला काय म्हणता? ते गालात हसले. त्याला वाघ म्हणतात, पण घरात, दार लावून.

मुलगी अंगणात धान पाखडत होती. मी उपमा-रूपकाची व्याख्या पुन्हा ऐकवली. तिनं सूप खाली ठेवलं.

"'वाघासारखा' म्हनलं का तो वाघ नाई, हे सांगूनच देल्लं ना जी. मंग भ्यावाचं काऊन? वाघच म्हनलं का पाय लटपटते."

नुसत्या 'पाटील' या शब्दानं माझी चाल कशी वाढली होती, ते तिच्या वडिलांनी पाहिलंच होतं. बी.ए.ला पाठ केलेली गोष्ट मला त्या अंगणात कळली.

सोमवारी तिचे मार्क लावून मी फॉर्म हेडमास्तरांपुढे ठेवला आणि तपासताना माझी चूक झाली असं सांगितलं. चूक कुणी दाखवली, त्यांनी विचारलं. हिनंच शिकवलं मला, फॉर्मवरच्या तिच्या नावावर बोट ठेवून मी म्हणालो, आणि ते सांगताना लाज वाटण्याऐवजी मला आनंदच झाला.