मामांची अर्धी चाल

आमच्या बेंजो पार्टीचे किस्से सांगायला बसलं की माझं वायरींच्या पिशवीसारखं होतं. एक ओढायला जावं तर चार गुंतून बाहेर येतात! सोडवत बसायला वेळ नसतो आणि फेकून द्यायची हिंमत होत नाही. त्यात दर शनिवारी नवी भर पडतेच.

आधी मंडळी सांगतो, फार नाहीत. बेंजोवर पेडगावचे दत्तूमामा. शेती थोडी, शेळ्या बऱ्याच. ते नक्की कोणाचे मामा हे कोणालाच माहीत नाही, त्यांच्याहून मोठी माणसंही त्यांना मामाच म्हणतात. ढोलकीवर इस्माईलभाई, परभणीत त्यांचं शिलाईचं दुकान आहे. कॅसिओवर मी, विलास. दिवसभर बी-बियाणांच्या दुकानात काउंटरला असतो.

आणि आम्हाला बोलावणारे बापूशेठ. गंगाखेड रोडला त्यांचं गार्डन आहे. गार्डन म्हणजे बारच, पण घरी सांगायला गार्डन बरं पडतं. पुढं रोड, मागं ऊस आणि मध्ये आम्ही! दिवेलागणीला सुरू करायचं आणि जेवणाच्या वेळेला आपापल्या घरी जायचं.

*

ज्यांनी बेंजो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या. आवाज मात्र करंटवर, स्पीकरमधून येतो.

एकदा पुण्याचे एक साहेब गार्डनला आले. कारखान्याच्या काही कामासाठी आले असावेत. जेवण सोडून ते मामांच्या शेजारी येऊन उभे राहिले. खाली वाकून बघतात, परत मागून बघतात. शेवटी न राहवून म्हणाले, "काका, हे टाइपरायटर आहे का हो?"

मामांनी वाजवणं न थांबवता सांगितलं, "हाय की! अर्ज बी टाइप होतो. मंजूर तेवढा व्हत न्हाई!"

साहेब इतके हसले की त्यांची भाकरी गार झाली. दुसरी मागवली तेव्हा कुठं जेवले.

*

गार्डनमध्ये काहीही वाजवायचं असो, मामांची सुरुवात गणपतीच्या वंदनेनंच होते. बार आहे, इथं कशाला, असं सुरुवातीला बापूशेठ म्हणून बघायचे. मामा ऐकत नाहीत.

आता होतं काय, की वंदनेचा पहिला सूर लागला रे लागला की सगळ्या टेबलांवरचे ग्लास टेबलाखाली जातात! कोणी सांगितलेलं नाही, बोर्ड लावलेला नाही. काही जण चपला काढतात. एक रिटायर्ड मास्तर तर हात जोडून उभेच राहतात आणि ग्लास दोन पायांत धरतात.

मला खोडच आहे चौकशीची. मी एकदा मास्तरांना विचारलं, "देवाला टेबलाखालचं दिसत नाही का हो?"

मास्तर म्हणाले, "दिसतंय की. पण आपण लपवलंय हे बी दिसतंय ना!"

बापूशेठ एकदा कुरकुरले, "मामा, वंदना जरा आवरती घ्या. गिऱ्हाइकाची थंड बिअर गरम व्हायलीय."

मामा म्हणाले, "शेठ, देव थांबलाय. बिअरला काय घाई हाय?"

*

मग तारेचा किस्सा. ऐन रंगात मामांची तार तुटली. जादा तार आणलेली नव्हती. मामा म्हणाले, "आलोच," आणि बाहेर पार्किंगकडं गेले. मला वाटलं, तंबाखू खायला गेले असतील.

परत आले ते एक चकचकीत बारीक तार घेऊन. लावली, पिळली, सुरात आणली. काय वाजली म्हणता! इस्माईलभाई तर डोळे मिटून ढोलकी बडवत होते. "वा मामू, वा," असं चाललं होतं.

घरी जाताना इस्माईलभाईंची मोटारसायकल गिअरच घेईना. बघतात तर क्लचच्या वायरीतले एकेक धागे उसवलेले! मामांनी त्यातला एकच काढला होता, बाकीच्यांनी त्याच्या मागोमाग जीव सोडला. आम्ही गाडी परभणीच्या दिशेनं ढकलत निघालो.

मामा मागून ढकलत होते, मान खाली घालून. इस्माईलभाई हँडल धरून पुढं. मग इस्माईलभाई म्हणाले, "सूर तुमारा लगा मामू, धक्का मेरे कू!"

आजही तार तुटली की इस्माईलभाई आधी खिशातली गाडीची चावी चाचपतात.

*

ताडकळसची एक पार्टी आहे, सोपानकाकांची. पेटी, तुणतुणं आणि हलगी. त्यांच्यात वायर नावाची गोष्टच नाही. बापूशेठनी एका शनिवारी त्यांनाही बोलावलं आणि आम्हालाही. दोन्हीकडच्यांना वाटलं, दुसऱ्यांना आपल्याला हटवायला आणलंय! आधी कोणी वाजवायचं यावरून तोंडं वाकडी झाली. शेवटी मान आम्हाला मिळाला.

आम्ही वंदना धरली आणि लाईट गेली.

बेंजो बंद, कॅसिओ बंद. मेणबत्त्या येईपर्यंत सोपानकाकांनी पेटी उघडली आणि असं काही गायले की टेबलं वाजायला लागली. एक गाणं झालं आणि काका थांबले. म्हणाले, "पाहुण्याला उपाशी ठिवून जेवायची आमच्यात पद्धत न्हाई. मामा, घ्या की!"

मामा म्हणाले, "करंट न्हाई तर बेंजो ऐकू कुणाला जाईल? मला बी येत न्हाई ऐकू!"

काका तडक किचनमध्ये गेले आणि तिथलं सगळ्यात मोठं भगुनं घेऊन आले. ते टेबलावर पालथं घातलं आणि बेंजो त्याच्यावर ठेवला. मामांनी तार छेडली मात्र, सगळं भगुनं बोलायला लागलं! पेटी, बेंजो, हलगी, ढोलकी, सगळं एकत्र सुरू झालं. मी रिकाम्या हातानं टाळ्या वाजवत होतो, पण मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

थोड्या वेळानं आचारी येऊन उभा राहिला. कमरेवर हात. सगळ्यांना वाटलं, फर्माईश आहे.

तो म्हणाला, "वाजवून झालं की सांगा. डाळ थांबलीय."

*

आता मूळ गोष्ट. मामा शेवटी नेहमी एक चाल वाजवतात. ती कोणत्या गाण्याची आहे ते कोणालाच माहीत नाही. संथ, झोका घेतल्यासारखी. आणि मुख्य म्हणजे ती अर्धी आहे! वर चढते, चढते, आता खाली उतरणार म्हणावं तर मामा बोटं उचलतात. झालं. इस्माईलभाईंचा हात थाप मारायला वर गेलेला असतो, तो तिथंच राहतो.

"मामा, पुढं काय?"

"एवढंच हाय."

"कुठली आहे?"

"अशीच हाय."

मला असं अर्धवट सोडलेलं चालत नाही. मी ती मोबाईलवर रेकॉर्ड केली. गंगाखेडच्या एका भजनी बुवांना ऐकवली, त्यांनी नाही म्हणून मान हलवली. लग्नाच्या बँडवाल्याला ऐकवली, तो म्हणाला, पिक्चरची नाही. सोपानकाकांना ऐकवली, ते नुसतेच हसले. शेवटी दुकानात येईल त्याला ऐकवायला लागलो. सोयाबीनचं बी न्यायला आलेल्या एका शेतकऱ्यानं डोळे मिटून सगळी ऐकली. मी आशेनं बघत होतो.

तो म्हणाला, "लय झ्याक हाय. बॅटरी संपली का?"

*

त्यानंतर एक शनिवार मामा आलेच नाहीत. फोन लागेना. रविवारी मी पेडगावला गेलो.

गाडी दारात येत होती तेव्हा शेळ्यांच्या गोठ्यातून कोणीतरी गुणगुणतंय असं वाटलं. गाडी बंद केली तर तेही बंद. आतून मामी आल्या, हातात धारेचं भांडं घेऊन.

"मामी, गात होता?"

"मी? मला कुठं यायलंय गायला!"

मामा ओसरीवर बसले होते. बेंजो खताच्या पोत्यात बांधून गोठ्याच्या खुंटीला टांगलेला. घरात तो पहिल्यापासून नसतोच. बारमध्ये वाजणारी वस्तू देवघराच्या भिंतीला लागायची नाही, हा मामींचा कायदा. एवढी वर्षं तो कायदा पाळून सगळं चाललं होतं. आता पंचाईत वेगळीच झाली होती. लेकीच्या सासरी कोणीतरी मोबाईलवर मामांचा व्हिडिओ दाखवला होता. पुढं मामा, मागं बाटल्यांचं कपाट! विहीणबाईंनी मामींना फोन करून विचारलं होतं, तुमचे मालक बारमध्ये असतात का?

मामींनी चहा दिला. मग पदर सावरून समोर बसल्या आणि हळूच विचारलं, "विलासराव, तिथं असतंय तरी काय हो?"

"म्हणजे?"

"लाईटं लाल असतेत का? माणसं रडतेत म्हनं, खरं हाय का? आन ह्यांचं वाजीवल्यालं कुनी ऐकतंय का, का आपलं खाणंपिणंच चालू?"

चौकशीच्या बाबतीत मला पहिल्यांदाच तोडीचं माणूस भेटलं! मी सगळं सांगितलं. ग्लास लपवतात तेही. मामी हसल्या, मग लगेच गंभीर झाल्या.

"एकदा डोळ्यानं बघते. पटलं तर वाजवा म्हनावं. न्हाई तर बेंजो भंगारवाल्याला. लेकीला खाली बघायला लावनारं नकोय मला."

बेंजो गेला तर पार्टी गेली. पार्टी गेली तर काउंटर आणि घर एवढंच उरणार होतं मला.

*

मामी येणार म्हटल्यावर बापूशेठनी गार्डनचा अवतारच बदलला. बाटल्यांच्या कपाटावर सतरंजी टाकली. लाल बल्ब काढून पांढरे लावले. सगळ्या काचेच्या ग्लासांच्या जागी स्टीलचे आले. मास्तर म्हणाले, "पंगतीला बसल्यासारखं वाटायलंय!" पण स्टीलच्या ग्लासातून प्यायले गुपचूप.

मामी रिक्षातून आल्या. पदर डोक्यावर घट्ट. सोबतीला माझी बायको सुरेखा. फॅमिली सेक्शन म्हणजे प्लायवूडची खोली आणि दाराला जाड पडदा. दोघी आत बसल्या आणि पडदा पडला. आमच्यापासून दोन हातांवर.

मामांनी वंदना धरली. ग्लास टेबलाखाली गेले. पडद्याची कड थोडी सरकली आणि परत जागेवर आली.

आम्ही वाजवत राहिलो. वेटर मधूनमधून पडद्याआडच्या बातम्या आणत होता. "शेवभाजी मागवली." "भाजीत तेल लय हाय म्हनल्या." "इथं रडतेत ते कुठं बसतेत म्हनून इचारायल्या." मामा मान वर करत नव्हते. इतक्या वर्षांत मी त्यांचं बोट कधी चुकलेलं पाहिलं नव्हतं, त्या दिवशी दोनदा चुकलं. इस्माईलभाई माझ्याकडं बघत होते, मी त्यांच्याकडं. आमच्या दोघांच्याही हातात काही नव्हतं.

शेवटी मामांनी ती चाल धरली. गार्डन शांत झालं. चाल वर चढली, चढत गेली, आणि नेहमीच्या जागी मामांनी बोटं उचलली. इस्माईलभाईंचा हात हवेत राहिला.

पडद्याआडून मामींचा आवाज आला, चांगला खणखणीत.

"अहो, पुढचं कुठंय?"

सगळी टेबलं वळून पडद्याकडं बघायला लागली. बापूशेठ गल्ल्यावरून उठून उभे राहिले. मामांनी माइक जवळ ओढला. आजवर ते माइकवर कधी बोललेले नाहीत.

"मला काय ठावं पुढचं? मी गोठ्यात पाय ठिवला की तू गप होतीस. लगीन झाल्यापासून तेवढंच ऐकायलोय."

मी कॅसिओचा आवाज पार खाली नेला. इस्माईलभाईंनी हात हळूच मांडीवर ठेवला. पडदा हलला नाही. आत सुरेखा काहीतरी पुटपुटली, तिला मामींनी गप्प केलं.

मग मामी म्हणाल्या, "मंग तिकडं तोंड करून बसा."

मामांनी खुर्ची उचलली आणि पडद्याकडं पाठ, उसाकडं तोंड करून बसले.