खाटेवरून खाली

मेंदूच्या छायाचित्रात माणसाचं उरलेलं आयुष्य स्पष्ट दिसतं. साठच्या दशकात बंगळूरला हे ठामपणे मानणारी निदान दोन माणसं होती: एक मोठे डॉक्टर आणि दुसरी मी, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला नुकतीच गेलेली.

वडिलांना अर्धांगाचा झटका आला आणि ते बेशुद्ध झाले. चौथ्या दिवशी मानेतल्या रक्तवाहिनीत औषध टोचून त्यांच्या डोक्याचे एक्स-रे काढले. डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. एक वाहिनी मध्येच संपली होती. "शुद्ध येणार नाही. फार तर तीन दिवस. घरी न्या." शेजारच्या विद्यार्थ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

मल्लेश्वरमच्या घरी वडिलांचे थोरले भाऊ दर्भाची जुडी घेऊन आमच्या आधीच पोचले होते. मरणाऱ्याला खाटेवरून भुईवर घ्यायचं, ही आमची रीत. एकदा खाली घेतलं की तोंडात गंगाजल आणि तुळशीपत्र; अन्न बंद. म्हणजे आई नाकातल्या नळीतून देत होती ती रागीची कांजीही बंद.

आई आणि काका एकमेकांशी थेट बोलत नसत. मध्ये मी.

"आईला सांग, प्राण खाटेवर गेला तर गती नाही."

"काकांना सांग, जाईल तेव्हा बघू. आत्ता नऊची कांजी व्हायचीय."

"अगं, फोटोत दिसलंय म्हणावं!"

"आई, खरंच दिसलंय," मी पदरचं घातलं.

आईने नळीवरचा हात काढला नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच ती दिराकडे बघून बोलली, "मग अण्णा, फोटोलाच घ्या खाली."

काकांनी दर्भ कोनाड्यात ठेवला आणि मुक्काम केला. वडिलांना घरी आणल्याच्या चौथ्या दिवशी जेवताना म्हणाले, "स्वल्प उशीर होतोय." आई दर दोन तासांनी वडिलांची कूस बदलत राहिली.

अकराव्या दिवशी वडिलांनी डोळे उघडले. समोर काका दिसले, तेव्हा परत मिटले. ओळख शाबूत असल्याची आमची खात्री पटली.

मी फिल्म घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ती पुन्हा उजेडात धरली, बराच वेळ पाहिली आणि फिल्म बरोबर असल्याचं सांगितलं. म्हणजे चूक वडिलांची.

ते पुढे नऊ वर्षं जगले. उजवी बाजू कधी परतली नाही. खाटेवरून दोनदा पडल्यावर आईनेच त्यांची गादी खाली घातली. उरलेली सगळी वर्षं ते भुईवरच झोपले.