म्हातारी मशीन

नगर जिल्ह्यात मिळू शकेल असं प्रत्येक सर्टिफिकेट माझ्या खोलीतल्या सोबत्याने मिळवलं होतं, किंवा निदान त्याचा फॉर्म तरी भरला होता. तो राजूरकडचा. आम्ही दोघे नगरला कॉलेजात होतो, पण त्याचा खरा जीव कॉलेज सुटल्यानंतरच्या कोर्सांत. प्रथमोपचार शिकला तेव्हा माझ्या मुरगळलेल्या पायाला त्याने असं बँडेज बांधलं की घरमालकीण माझ्यासाठी देवाला नारळ बोलली. वायरमनच्या कोर्सात त्याने आमच्या खोलीतला दिवा दुरुस्त केला आणि शेजारच्या तीन खोल्या अंधारात गेल्या. शिवणकाम शिकताना माझ्यासाठी पँट शिवली, तिचे दोन्ही पाय डावे निघाले. मी चिडलो तर म्हणाला, "शिकताना कापड जातंच गड्या. कागद तर मिळाला ना? कागद असला जवळ, की मानसाला कुनी हाकलत न्हाई." हे सगळे कागद तो पत्र्याच्या पेटीत, कडुनिंबाचा पाला घालून ठेवी.

मग त्याने टायपिंगचा क्लास लावला आणि मलाही ओढून नेलं. त्यानंतर त्याची बोटं थांबली नाहीत. जेवताना ताटाच्या काठावर, एसटीत पुढच्या सीटच्या दांडीवर, सिनेमाला माझ्या पाठीवर. "आत्ता काय टाइप केलं सांग," असं तो पडद्यावर मारामारी ऐन रंगात असताना विचारी. मी पडद्यावरून नजर काढली नाही की स्वतःच सांगे, "तुजी पाठ लई मऊ हाय."

ते दुष्काळाचं साल होतं. त्याचे आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. मलाही घरून निरोप आला होता, यंदा नोकरी लागली नाही तर सामान घेऊन परत ये. राहात्याकडच्या एका साखर कारखान्यात मराठी टंकलेखकाची एकच जागा होती आणि ती आम्हा दोघांनाही हवी होती. अट एवढीच, की सरकारी परीक्षेत मिनिटाला तीस शब्दांच्या स्पीडला पास व्हायचं.

त्या परीक्षेला क्लासनेच आपली मशीनं हातगाडीवर घालून हायस्कुलात न्यायची असत. प्रत्येक मशीनला उमेदवाराच्या नंबराचा पुठ्ठा सुतळीने बांधलेला असे. क्लासच्या पाच मशीनांपैकी चार बरी होती. पाचवीला आम्ही म्हातारी म्हणत असू. कागद धरून सरकणारी तिची कॅरेज दर दोन-तीन ओळींनी अडे. तंटा नको म्हणून सरांनी चिठ्ठ्या टाकल्या. म्हातारी मला आली. त्याला सगळ्यात नवं मशीन.

"भिऊ नको," तो म्हणाला. "ती अडती, पन कुठं अडती ते मला पाठ हाय." परीक्षेच्या आधीचे दोन दिवस स्वतःचा सराव सोडून तो माझ्याशेजारी बसला. कॅरेज अडण्याआधी आवाज कसा बदलतो, अंगठ्याने हलकं कसं ढकलायचं, सगळं शिकवलं. मला ते जमलं नाही.

परीक्षेच्या आदल्या दुपारी हातगाडीबरोबर मी गेलो होतो. मशीनं बाकांवर मांडायची होती. शिपाई पाणी प्यायला बाहेर गेला, तेवढ्यात मी आमच्या दोघांचे पुठ्ठे सोडले आणि अदलाबदल करून बांधले. सुतळीची गाठ पक्की बसेना, ती दोनदा बांधली.

सकाळी तो आपल्या नंबरावर येऊन बसला. मशीनकडे पाहिलं. पुठ्ठ्यावरचा नंबर वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. मी कागद सरळ लावण्यात गुंतल्यासारखं केलं.

"काय झालं? मशीन ठीक आहे ना?" पर्यवेक्षकांनी त्याला विचारलं.

"ठीक हाय सर."

घंटा झाली. माझं मशीन लोण्यासारखं चालत होतं. पण मला ऐकू येत होतं ते मागच्या बाकावरचं. टकटक सुरू होई, थांबे, अंगठ्याने ढकलल्याचा खरखर आवाज येई, पुन्हा सुरू होई. ते थांबलं तरी माझी बोटं मात्र चालूच राहत. शेवटची घंटा झाली तेव्हा त्याच्या दोन ओळी राहिल्या होत्या.

मी पास झालो. कारखान्यातली जागा मला मिळाली आणि आजही मी तिथेच आहे. तो खडीवर गेला. पुढल्या वर्षी त्याने परीक्षा दिली, पास झाला, राजूरला कारकून लागला. दर दिवाळीला त्याचं पत्र येतं. सध्या तो मधमाशीपालनाचा कोर्स करतो आहे आणि त्याचा चेहरा ओळखू येत नाही असं वहिनी पत्राच्या तळाशी लिहितात. मी सगळ्याला उत्तर देतो. त्या पुठ्ठ्यांबद्दल मात्र एक ओळ लिहिलेली नाही.

परीक्षा संपल्यावर मी त्याला स्टँडवर पोचवायला गेलो होतो. संगमनेरची गाडी लागली, तिथून पुढे राजूर. तो उठला नाही. "लई गर्दी हाय," म्हणाला. गाडी निम्मी रिकामी होती. मग आम्ही तासभर बाकावर बसून राहिलो. त्या तासात पहिल्यांदाच त्याची बोटं मांडीवर स्वस्थ होती. तो कशासाठी थांबला आहे हे मला नंतर उमगलं असं लिहिलं असतं, तर बरं दिसलं असतं. पण मला ते तेव्हाच, त्या बाकावरच कळत होतं.

दुसरी गाडी लागली. त्याने पिशवी खांद्याला अडकवली, जरासा थांबला आणि म्हणाला, "चल मंग. आता जायला पायजे."