उजव्या बाजूची गाठ

दोर बांधून झाला की काका त्याला स्वतः लोंबकळत, दोनदा झोका घेत आणि मगच म्हणत, "एबल हा!"

आयुष्यभर ते मोठ्या बोटींवर एबल सीमॅन, म्हणजे तरबेज खलाशी, होते. निवृत्त होऊन आमच्या गावी, पावसला, परतले ते हा एक शब्द घेऊन. सोलकढी जमली की एबल. वादळात टिकलेलं कलम एबल. फक्त आमच्या पोस्टमनला त्यांनी कधी पास केलं नाही.

मी शाळेत इंग्रजी शिकवतो. एकदा शहाणपणा केला. "काका, एबल म्हणजे समर्थ. ज्याला करता येतं तो."

"करता माकडाला पण येता, मास्तर. एकाने बांधलान नि दुसरा न बघता चढला, तर पयला एबल."

आंब्याच्या दिवसांत ते माझ्या बागेत येत. शिडीचं वरचं टोक दोन्ही बाजूंनी फांदीला बांधणं हे त्यांचंच काम. दोराच्या टोकाला ते सुताचे सात वेढे घालत, पीळ उसवू नये म्हणून. गडी खरंच न बघता चढत.

एका संध्याकाळी उजवी बाजू बांधून झाली आणि अंधार पडला. डावी त्यांनी सकाळवर ठेवली. सकाळी धुकं होतं. समुद्र नुसता ऐकू येत होता. मला घाई होती. काका यायच्या आतच डावी बाजू मी बांधली आणि गड्याला वर पाठवलं.

माझी गाठ सुटली. शिडी गर्रकन फिरली आणि उजव्या दोरावर लटकत राहिली. तिला धरून राहिला म्हणून गडी वाचला. मनगट मात्र मोडलं.

काका आले तेव्हा गड्याचा भाऊ ओरडत होता, "कोणी बांधलान ही?"

मी म्हणालो, "काकांचं वय झालंय आता."

वाक्य खोटं नव्हतं, असं मी स्वतःला किती वर्षं सांगत आलो.

काकांनी डावा दोर उचलला. त्याचं टोक बोटांत फिरवलं. सुताचा एकही वेढा नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे.

"खरा हा," ते म्हणाले. "आता मी एबल नाय."

त्या दिवशी चहा न घेता गेले, ते पुन्हा बागेत आले नाहीत.

महिन्याभराने मी सगळं सांगायचं ठरवून त्यांच्या घरी गेलो. दुपार होती. ते पडवीत झोपले होते आणि झोपेतच त्यांचे हात हवेत न दिसणाऱ्या दोराला वेढे घालत होते. ओठ मोजत होते. मी पायरीवर बसलो. सात झाले, हात छातीवर येऊन थांबले. त्यांना उठवायचा धीर मला झाला नाही. त्याच पावसाळ्यात ते गेले.

शिडी कुजली, मी काढून टाकली. उजवा दोर अजून फांदीला आहे. साल त्याच्यावर चढत चालली आहे. धुक्याच्या सकाळी, कोणी नसताना, मी त्याला लोंबकळतो. दोनदा झोका घेतो.

तो मला धरून ठेवतो. मी मात्र तो शब्द उच्चारत नाही.