दुसरी प्रत दुसऱ्या घरी

शैलाअक्का कुणाच्याही घरी गेल्या की आधी भिंती बघायच्या, माणसं नंतर. आमच्या एचएसआर लेआउटच्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदा आल्या तेव्हा मी "या, बसा" म्हणत होते आणि त्यांची नजर हॉलमधून बेडरूमकडे गेलेल्या निळ्या केबलच्या मागे मागे चालली होती. दारापाशी त्या थांबल्या. "हे कोण ओढलंय ग?" मी म्हटलं, नवऱ्याने. "दारात चेंगरायलीय की बिचारी," म्हणाल्या आणि मग बसल्या. चहा घेतला, त्यात साखर कमी आहे हेही सांगितलं. मी पुण्याची, नोकरीसाठी या कन्नड मुलखात आलेली. पहिल्याच भेटीत माझ्या चहाला नावं ठेवणारं माणूस मला सहसा आवडत नाही.

अक्का मूळच्या बेळगावच्या. टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात तपासणी विभागात इंजिनिअर म्हणून आयुष्य काढलं आणि निवृत्तीनंतर आमच्या खालच्या मजल्यावर एकट्या राहत होत्या. आम्ही नुकत्याच नोकऱ्या सोडलेल्या. मी आणि माझा नवरा संदीप घरातच लग्नाच्या फिल्म एडिट करायचो. त्याचा कॉम्प्युटर हॉलमध्ये, माझा बेडरूममध्ये. फुटेज त्याच्याकडे, आणि ते माझ्याकडे कॉपी होईपर्यंत अर्धा दिवस जायचा. लग्नसराई तोंडावर आलेली, दोन घरांचे "कधी देताय?" म्हणून फोन सुरू झालेले. तो सीझन हातचा गेला असता तर संदीप पुन्हा नोकरी धरून व्हाइटफील्डच्या ऑफिसच्या कॅबमध्ये जाऊन बसला असता आणि मी आईचं "तरी सांगत होते" ऐकत बसले असते. दोन्ही गोष्टींची मला मनापासून भीती होती.

आम्ही उरलेल्या पैशांतून एक महागडी वेगवान डिस्क घेणार होतो. अक्कांनी ते ऐकून कपाळाला हात लावला. "गाठ कुठं बसलीय ते बघितलासा काय? आधी मोजायचं, मग पाकिटाला हात." मग त्यांनी आमच्याकडून एकच फाइल पुन्हा पुन्हा कॉपी करून घेतली, दर वेळी एकच गोष्ट बदलायची, दुसरी बदलली तर ओरडा. मला वैताग आला. पण दारात चेंगरलेली ती केबल बदलल्याबरोबर कॉपी कितीतरी पटीने वेगात झाली. म्हणजे आजवर आमचा अर्धा दिवस त्या दाराने खाल्ला होता. डिस्क बिचारी निर्दोष होती.

तेवढ्याने भागणार नव्हतं. दोघांनी एकाच वेळी एकाच साठ्यावर काम करायचं तर याहून वेग हवा. मग अक्का आम्हाला एसपी रोडला घेऊन गेल्या. मोठ्या कंपन्या जुनी यंत्रं मोडीत काढतात, त्यातली नेटवर्क कार्डं तिथे मिळतात. दुकानदार नव्या मालाकडे बोट दाखवत "अम्मा, हे बघा" म्हणत होता आणि अक्का "स्वल्प थांब रे" म्हणून जुन्या कार्डांचा ढीग भाजीसारखा निवडत होत्या. साठ्यासाठी एक जुना ऑफिसचा कॉम्प्युटर, त्यात बसवायला चार डिस्क, तीन कार्डं, फायबर केबलचे दोन तुकडे. संदीपला सगळी यंत्रं एकमेकांना जोडायला मधे स्विच नावाची पेटीही हवी होती. "कशाला? या एका कार्डाला दोन तोंडं हायत आणि तुम्ही माणसं पण दोनच," अक्का म्हणाल्या. कार्डं मोठ्या कंपन्यांच्या गार खोल्यांत राहिलेली, आमच्याकडे आल्यावर तव्यासारखी तापली आणि बंद पडली. अक्कांनी त्यांच्यावर एक छोटा पंखा बांधून दिला. त्या आठवड्यात आम्ही दोघांनी पहिल्यांदा एकाच लग्नावर एकत्र काम केलं. मी इकडे वरात कापतेय, तो तिकडे हळद, आणि कुणी कुणासाठी थांबत नाहीये. मला खरोखर रडू आलं.

थोडे पैसे उरले होते. आम्हाला आणखी वेग हवा होता. एकदा चटक लागली की लागते. अक्का म्हणाल्या, "आता दोन मोठ्या, मठ्ठ, स्वस्त डिस्क घ्या. दुसरी प्रत ठेवायला." मी वाद घातला. चारातली एक डिस्क मेली तरी काम चालू राहतं, असं त्यांनीच शिकवलं होतं. मग पुन्हा प्रत कशाला?

"डिस्क मेली तर चालंल ग. संदीप चुकला तर? चारीच्या चारी डिस्क मुकाट्यानं तीच चूक करतील. आज्ञाधारक असतात त्या." मग म्हणाल्या, "आणि प्रत या घरात नको. घराला काय झालं तर दोन्ही जातील. माझ्याकडं ठेवा."

तेव्हापासून दर शनिवारी एक डिस्क फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यातून खाली जायची आणि दुसरी वर यायची. मी डबा द्यायला जायची आणि तासभर बसायची. आईला न सांगितलेल्या गोष्टी मी त्यांना सांगितल्या. त्यांनी सल्ला फारसा दिला नाही. "सरी, पुढं?" एवढंच म्हणायच्या; सरी म्हणजे बरं.

आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, आधी इकडे घरोघर यंत्रं पुसून लख्ख करतात. संदीपने उत्साहाच्या भरात आतूनही, म्हणजे फाइलींचीही, साफसफाई केली आणि देवनहळ्ळीचं एक अख्खं लग्न उडवलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत गेलं. वेग आम्हीच तर विकत घेतला होता. संदीप पांढराफटक पडला. नवरीच्या घरी काय सांगायचं? मी खाली धावले. अक्का डबा घेऊन स्वतः वर आल्या, मठ्ठ डिस्क जोडली आणि ती सावकाश, म्हशीच्या चालीने लग्न परत आणत असताना शेंगा सोलत बसल्या. "सांगितलं होतं ना" असं एकदाही म्हणाल्या नाहीत. मी असते तर वर्षभर म्हणत राहिले असते.

गुडघे थकले तेव्हा अक्कांनी धारवाडला बहिणीकडे जायचं ठरवलं. मी म्हटलं, डिस्क घेऊन जा, कुरिअरने पाठवत जाईन.

"खुळी का काय? माझ्याकडं का ठेवत होतीस? इंजिनिअर म्हणून? खाली राहते म्हणून की. आता जवळचं कोण?"

इतकी वर्षं त्या इमारतीत काढून मला एकही दुसरं दार आठवेना जिथे डबा घेऊन जाता येईल. समोरच्या फ्लॅटवरची पाटी कन्नडमध्ये होती. ती मला वाचता येत नव्हती आणि कुणाला कधी विचारलंही नव्हतं. वायरी जोडायला आम्ही जिवाचं रान केलं होतं, आणि लिफ्टमध्ये मात्र मोबाइलमध्ये डोकं घालून उभे राहत होतो. याची लाज वाटली.

अक्का धारवाडला गेल्यानंतरच्या शनिवारी मी समोरची बेल दाबली. माझ्याच वयाच्या एका बाईने दार उघडलं, डब्याकडे बघून हसली. तिला वाटलं, गोड काहीतरी आणलंय. झाकण उघडलं तर आत डिस्क. मोडक्या कन्नडमध्ये आणि बऱ्याच हिंदीत मी सगळं समजावलं. "सरी, बन्नी," म्हणून तिने मला आत बोलावलं आणि डबा देवघराखालच्या कपाटात ठेवला. तिचं नाव रेणुका. निघताना तिने खिळ्यावरची एक किल्ली माझ्या हातावर ठेवली. त्यांच्या घराची जादा किल्ली. कधीपासून कुणाकडे तरी ठेवायची होती म्हणे, विचारायचं कुणाला ते कळत नव्हतं.

संध्याकाळी अक्कांना फोन करून सांगितलं, डिस्कला जागा मिळाली.

"डिस्कचं ऱ्हाऊ दे," अक्का म्हणाल्या. "तुझ्या घराची किल्ली दिलीस काय तिला?"

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मग जा की," म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

मी गेले.